ट्रक उघडायची भीती वाटते, सुरुवात कुठून करू?

“उघडला आणि परत जुळलाच नाही तर?” आरसी, म्हणजे रिमोटने चालणारा, खेळातला ट्रक हाती आल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुतेक वेळा गाडी बंद पडल्यावर विचारतो, आणि गडबड तिथेच आहे. बिघडलेली गाडी उघडणाऱ्यापुढे दोन कोडी एकदम येऊन पडतात: ही जुळते कशी, आणि हिचं बिनसलंय काय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, पहिल्यांदा गाडी ठणठणीत असताना उघडा. तीही सगळी नाही. मागचा एक कोपरा, म्हणजे एक चाक, एक शॉक (धक्के झेलणारी स्प्रिंगची नळी), एक आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा हलता दांडा). पलीकडचा कोपरा हात न लावता तसाच ठेवायचा. शॉक कुठल्या भोकात होता, वायसर आतून होता की बाहेरून, हे विसरलात तर पलीकडे बघायचं. फोटोपेक्षा हा नमुना बरा, कारण तो हवा तसा फिरवून बघता येतो. फक्त आरशातल्यासारखा उलटा असतो, एवढं ध्यानात ठेवा.

उदाहरणाला ट्रॅक्सास कंपनीचा टू-व्हील-ड्राइव्ह स्लॅश धरू. २००८ साली आलेला १/१० मापाचा ट्रक, रचना साधी. तुमची गाडी दुसरी असली तरी क्रम फारसा बदलत नाही.

आधी हत्यारं. गाडीबरोबर आलेल्या एल आकाराच्या एलन-की बाजूला ठेवा. त्यांच्या कडा लवकर गोल होतात आणि मग त्या स्क्रूची खाचही गोल करतात. मूठ असलेले चांगल्या पोलादाचे तीन हेक्स (षटकोनी टोकाचे) ड्रायव्हर घ्या: १.५, २ आणि २.५ मिमी. ३ मिमीच्या बुटक्या गोल डोक्याच्या स्क्रूला २ मिमी लागतो, उंच डोक्याच्याला २.५, आणि बिनडोक्याच्या ग्रब स्क्रूला १.५. चाकाच्या ४ मिमी नायलॉन नटला सहसा ७ मिमीचा पाना बसतो. टामियाची जपानी किट असेल तर तिचे स्क्रू अधिकच्या (+) चिन्हासारख्या खाचेचे असतात, पण ती खाच जेआयएस या जपानी मापाची. घरातला नेहमीचा + टोकाचा फिलिप्स ड्रायव्हर तिच्यात घसरतो आणि खाच खातो. सगळ्यात महत्त्वाचं हत्यार मात्र टूथपिक. खाचेतली माती आधी तिने टोकरून काढा. ड्रायव्हर तळापर्यंत टेकला नाही, तर खाच गेलीच म्हणून समजा.

टेबलावर जुना टॉवेल अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू टप्पा खाऊन कपाटाखाली जाणार नाही. शेजारी बर्फाचा ट्रे. एका कप्प्यात एका जागेचेच स्क्रू, काढले त्या क्रमाने. हे अतिसावधपण नाही. ३×१० च्या (३ मिमी जाड, १० मिमी लांब) जागी ३×१५ बसवला तर तो पलीकडे निघून आर्मला अडतो किंवा प्लास्टिक चिरतो. मोटरच्या तोंडाशी तर लांब स्क्रू सरळ आतल्या तांब्याच्या वेटोळ्यांना भिडतो, आणि मग मोटर गेली.

बॅटरी काढा. प्लग नुसता सोडवून भागत नाही, बॅटरी गाडीबाहेर हवी. मग मागचं एक चाक. नट काढून चाक ओढलं की मागे १२ मिमीचा षटकोनी हब दिसेल, आणि त्याच्यामागे अ‍ॅक्सलमधून आरपार गेलेली बारीक आडवी पिन. हब काढल्यावर पिन घसरून पडते आणि पडल्याचं कळतही नाही. ती न घालता चाक बसवलंत तर अ‍ॅक्सल फिरेल, चाक जागेवरच राहील. म्हणून हब काढतानाच खाली तळहात धरा. पुढे कुठे ई-क्लिप (दांड्यावर अडकवलेली E आकाराची बारीक कडी) काढायची वेळ आली, तर ती काढताना हात आणि भाग दोन्ही पारदर्शक पिशवीत ठेवा. उडालेली क्लिप सहसा सापडत नाही.

इथपर्यंत कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते परत जोडताना, आणि तेही एकाच ठिकाणी: प्लास्टिकमधले आटे. स्क्रू पहिल्यांदा बसला तेव्हा त्याने स्वतःच आटे पाडलेले असतात. परत घालताना तुम्ही थेट उजवीकडे पिळलात तर तो जुन्या वाटेवरून न जाता नवी वाट कापतो. असं दोन-तीनदा झालं की भोक गुळगुळीत होतं. उपाय सोपा आहे. स्क्रू भोकात ठेवा आणि हलक्या हाताने आधी उलटा, डावीकडे फिरवा. एका फेरीच्या आत कुठेतरी ‘टक’ होऊन तो केसभर खाली बसतो. कानाला नाही तरी बोटांना कळतं. तिथून उजवीकडे फिरवा. जुने आटे सापडले असतील तर स्क्रू सहज आत जाईल. पहिल्याच फेरीला जोर लागला तर थांबा, बाहेर काढा, पुन्हा ‘टक’ शोधा. डोकं टेकलं की पाव फेरीहून जास्त आवळायचं नाही. इलेक्ट्रिक ड्रायव्हर या कामाला नको. त्याला ‘टक’ कळत नाही.

हे जमलं की निम्मी भीती गेली. एकच कोपरा तीनदा खोला आणि जोडा. तिसऱ्या खेपेला पलीकडे बघावं लागणार नाही.

धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना, म्हणजे मोटरचे स्क्रू, पिनियनचा (मोटरच्या दांड्यावरच्या छोट्या दातेरी चाकाचा) ग्रब स्क्रू, यांना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे पकडून ठेवणाऱ्या द्रवाचा) थेंब हवा, नाहीतर कंपनाने ते ढिले होतात. प्लास्टिकला तो लागू देऊ नका. काही प्लास्टिक त्याने तडकतं. लाल थ्रेडलॉकर घरातच आणू नये, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

पुढचा धडा शॉकचा. स्लॅशमध्ये कारखान्यातून ३० वेटचं (वेट म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) सिलिकॉन ऑइल येतं. स्प्रिंग दाबून खालची वाटी सरकवा, ती सुटते. टोपी उघडा, जुनं तेल ओता. ते काळं आणि गढूळ असेल. रॉड पूर्ण खाली ओढून नवं तेल जवळजवळ काठापर्यंत भरा आणि पिस्टन सावकाश वर-खाली करा. बुडबुडे वर येतील. मग शॉक उभा ठेवून पाचेक मिनिटं गप्प बसा. बहुतेकांचा शॉक इथेच बिघडतो, घाईने. आत हवा राहिली तर दाबताना चुळकचुळक आवाज येतो आणि दोन्ही बाजूंच्या शॉकना दाब वेगळा लागतो. रॉड पकडायला उघडी पक्कड लावू नका. तिच्या दातांचा एक ओरखडासुद्धा तेल अडवणाऱ्या रबरी कडीला कापत राहतो आणि तेल गळतं. मध्ये कापडाची घडी घ्या.

गिअरबॉक्स शेवटी. तिथे खरं कौशल्य एकाच गोष्टीचं: मोटरचा छोटा पिनियन आणि तो ज्याला फिरवतो ते मोठं प्लास्टिकचं दातेरी चाक, म्हणजे स्पर, किती जवळ बसवायचे. वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोघांमध्ये घाला, मोटर स्परवर टेकवा, स्क्रू आवळा, पट्टी काढा. स्पर पूर्ण एक फेरी फिरवून चार-पाच जागी अगदी किंचित खुळखुळ जाणवते का पाहा. खुळखुळ नाही म्हणजे दाते चिकटून बसलेत, मोटर तापेल. जास्त असेल तर स्परचे दाते सोलून निघतील. पिनियनचा ग्रब स्क्रू मोटरच्या दांड्याच्या सपाट भागावरच आला पाहिजे. स्लिपर क्लचचा (जास्त जोर आला की घसरून दाते वाचवणाऱ्या भागाचा) नट स्प्रिंग पूर्ण दबेपर्यंत आवळून मग अर्धी ते एक फेरी ढिला करायचा.

बेअरिंग चिखलात भिजलं असेल, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते भिजतंच, तर रबरी झाकण सुईच्या टोकाने उचला, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, पूर्ण वाळल्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. जास्त तेल टाकलं की धूळ चिकटते.

स्टिअरिंगचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) खोलला असेल, तर त्याचा हॉर्न (दांड्यावर बसणारा छोटा हात) लावण्याआधी रिमोट आणि गाडी चालू करून ट्रिम (रिमोटवरचं मधली जागा ठरवणारं बटण) शून्यावर आणा, मगच हॉर्न सरळ बसवा. बंद सर्व्होवर अंदाजाने बसवला तर गाडी एका बाजूला कमी वळते. हॉर्नच्या दात्यांची संख्याही कंपनीगणिक बदलते: फुताबा २५, हायटेक २४, सान्वा २३. चुकीचा हॉर्न बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या धडकेत घसरतो.

चाचणी डब्यावर. मधला भाग टेकवून चारही चाकं अधांतरी ठेवा, आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट. ब्रश मोटरच्या दोन तारा अदलाबदल झाल्या असतील तर चाकं उलटी फिरतील, त्याहून वाईट काही नाही. मग पाच मिनिटं हलकेच चालवा, बॅटरी काढा आणि मोटरला बोट लावून पाहा. बोट ठेवता येत नसेल तर पिनियन स्परपासून सोडवून गाडी हाताने ढकला: सहज गेली तर दोष दात्यांच्या बसणीत, जड गेली तर बेअरिंग किंवा अ‍ॅक्सल अडतोय. चाकांचे नट पुन्हा एकदा तपासा.

आणि ट्रेमध्ये एक स्क्रू उरलाय ना? त्याची लांबी मोजा. पलीकडच्या, न खोललेल्या कोपऱ्यावर तेवढाच स्क्रू कुठे आहे ते एकेक काढून मोजत बघा. बहुतेकदा तो शॉकच्या खालच्या टोकाचा असतो.