जुन्या ट्रॅकची आखणी
आजचा दिवस जुन्या ट्रॅकवर टेप धरण्यात गेला. सरळ बाजूला 8 लेन, वळणावर 6. म्हणजे 100 मीटरला आठ जण, 400 ला सहाच. जुन्या स्टेडियममध्ये हे सर्रास दिसतं.

खरी गोची लेनच्या रुंदीत. आजचं माप 1.22 मीटर, इथे मात्र 1.25. पूर्ण फेरीचा स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात जितकी पुढे सरकवतात ते अंतर, त्रिज्येवर नाही, फक्त रुंदीवर ठरतो: 1.22 ला दुसऱ्या लेनला 7.04 मीटर, पुढे प्रत्येक लेनला आणखी 7.67. हाच तयार तक्ता 1.25 च्या लेनवर उतरवला, की सहाव्या लेनमधला धावपटू 94 सेंमी जास्त पळतो! तेव्हा आधी रुंदी मोजा, तीही तीन-चार ठिकाणी. रंगाचे थर चढून पट्टे सरकलेले असतात.

पहिल्या लेनची लांबी कर्बपासून (ट्रॅकच्या आतल्या काठाची उंच कड) 30 सेंमीवर मोजायची, बाकीच्यांची आतल्या पट्ट्यापासून 20 वर. कर्ब काढून नुसता पट्टा ठेवला असेल तर पहिलीही 20 वरच, म्हणजे फेरी 63 सेंमीने कमी भरते.

440 यार्डांचे ट्रॅक वेगळेच. तिथे फेरी 402.34 मीटर. अथेन्सच्या 1896 च्या ट्रॅकवर तर वळणं हेअरपिनसारखी, आणि पळायचं घड्याळाच्या दिशेने.