तुम्ही विचारलंत म्हणून: डिझाइनसाठी मॅक घेऊ की विंडोज?

"ग्राफिक डिझाइन करायचंय, म्हणजे मॅकच घ्यावा लागेल ना?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. विचारणारा कधी विद्यार्थी असतो, कधी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करणारा, कधी मुलीसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालेले वडील. या वडिलांना उत्तर देणं मला सगळ्यांत अवघड जातं. त्यांना एका शब्दात सांगून हवं असतं, आणि चुकीचं सांगितलं तर मुलगी पुढची पाचसहा वर्षं त्या मशीनवर अडून राहणार असते. मी रोज दोन्हींवर काम करते. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

मी आधी उलट विचारते: तुमची फाइल शेवटी कोण उघडतं, आणि कशावर? फार थोड्यांनी याचा विचार केलेला असतो. मशीन घेताना आपण आपलं टेबल डोळ्यांसमोर आणतो, पण काम त्या टेबलावर राहत नाही. ते सहकाऱ्याकडे जातं, ग्राहकाकडे जातं, छापखान्यात जातं, कुणाच्या तरी फोनवर उघडतं. माझे आजवरचे सगळे मोठे घोटाळे या प्रवासात झाले आहेत. मशीन मंद होतं म्हणून झालेला एकही आठवत नाही.

'मॅकच' यातला 'च' मात्र उगाच आलेला नाही. जानेवारी १९८४ मध्ये पहिला मॅकिंटॉश आला. त्याचा पडदा ९ इंची, काळापांढरा, ५१२ बाय ३४२ बिंदूंचा. इंचाला साधारण ७२ बिंदू, आणि छपाईच्या मापात इंचाला जवळपास ७२ पॉइंट. त्यामुळे १२ पॉइंटचं अक्षर पडद्यावरही कागदावरच्याइतकंच दिसायचं. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, अॅपलचा लेझररायटर प्रिंटर आला. त्यात पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी अॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती आणि इंचाला ३०० ठिपके उमटायचे. त्याच वर्षी आल्डसचं पेजमेकर आलं, आणि टेबलावर बसून पान लावून टेबलावरच छापून काढता येऊ लागलं. चित्रं रेखाटायचं इलस्ट्रेटर आणि पानं लावायचं क्वार्कएक्सप्रेस १९८७ मध्ये मॅकवर आले. फोटोशॉप १९९० मध्ये आलं तेही फक्त मॅकवर, आणि विंडोजवाल्यांना त्यासाठी आणखी तीनेक वर्षं थांबावं लागलं. विंडोजच्या बाजूला १९८९ पासून रेखाटनाचं कोरलड्रॉ होतं. अशी दोन घराणी तयार झाली. मासिकं, जाहिराती, पुस्तकं यांतली बरीच मंडळी मॅकवर. पाट्या, फलक, पत्रिका करणारी कितीतरी मंडळी कोरलवर, म्हणजे विंडोजवर. शिकवणाऱ्यांनी आपलं घराणं शिष्यांना दिलं आणि तो 'च' टिकून राहिला.

आज इलस्ट्रेटर, फोटोशॉप आणि पानं लावायचं इनडिझाइन दोन्हीकडे तेच आहेत. अॅडोबीच्या एकाच वर्गणीत एक मॅक आणि एक विंडोज अशी दोन मशीनं सुरू ठेवता येतात. मी तेच करते. अॅप आणि वेबसाइटचे पडदे आखायचं फिग्मा ब्राउझरमध्ये चालतं. अॅडोबीला पर्याय असलेलं अॅफिनिटी दोन्हीकडे आहे. कोरलड्रॉसुद्धा २०१९ मध्ये मॅकवर परतलं. सॉफ्टवेअरमुळे हात बांधले जातात अशा जागा थोड्याच उरल्या आहेत, पण आहेत. फिग्मासारखंच असलेलं स्केच फक्त मॅकवर चालतं. व्हिनाइल कापणारी यंत्रं, मोठे फ्लेक्स छापणारी यंत्रं यांची बरीच सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात. तुम्ही अशा यंत्राच्या शेजारी बसून काम करणार असाल, तर प्रश्न तिथेच मिटला, विंडोज घ्या.

आता फाइलच्या प्रवासाकडे येते. मी इथे जास्त वेळ घेणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी ६४ पानांची पुस्तिका केली. मी ती मॅकवर लावली, आणि शेवटच्या दुरुस्त्या संस्थेतल्या माणसाने विंडोजवर केल्या. दोघांकडे एकाच नावाचा फॉन्ट होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पण त्याच्याकडची आवृत्ती वेगळी होती. काही अक्षरांची रुंदी केसभर जास्त. केसभर गुणिले एका ओळीतली पन्नास अक्षरं, गुणिले तीस ओळी. दोन पानांवर शेवटची ओळ चौकटीबाहेर ढकलली गेली. चौकटीबाहेरचा मजकूर छापला जात नाही, तो नुसता नाहीसा होतो. पुस्तिका छापून आली तेव्हा एका लेखाचं शेवटचं वाक्य मध्येच तुटलेलं होतं. ज्यांचा तो लेख होता, त्यांनी फोनवर मला ते वाक्य वाचून दाखवलं. तो फोन मी विसरलेले नाही.

तेव्हापासून दुसऱ्याने उघडायची फाइल असेल तर मी इनडिझाइनमधून पॅकेज करून देते: फॉन्ट, चित्रं, सगळं एका फोल्डरमध्ये, आणि फॉन्टचा परवाना तशी मोकळीक देतो की नाही हे आधी बघते. छपाईला जाणारी फाइल पीडीएफ-एक्स प्रकारातच जाते. त्यात फॉन्ट फाइलच्या पोटातच असतात, उघडणाऱ्याकडे काय आहे यावर काहीच ठरत नाही.

देवनागरीत तर हे अधिकच जपावं लागतं. विंडोजवर मंगल आणि निर्मला असतात, मॅकवर देवनागरी एमटी आणि कोहिनूर देवनागरी. तुमचा फॉन्ट समोरच्याकडे नसेल तर त्याच्या मशीनवरचा एखादा पुढे येतो, आणि शिरोरेषेची जाडी, मात्रांची उंची, ओळीची लांबी सगळं बदलतं. जुन्या बिगर-युनिकोड (म्हणजे अक्षरांचे आजचे सर्वमान्य संकेत न पाळणाऱ्या) फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर फॉन्टशिवाय उघडला, तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गुंता दिसतो. अशा जुन्या मजकुराचा साठा तुमच्याकडे असेल, तर तो ज्या मशीनवर तयार झाला ते मशीन युनिकोडमध्ये रूपांतर पूर्ण होईपर्यंत काढून टाकू नका. आणि इनडिझाइनमध्ये पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसली, जोडाक्षर फुटलं, तर प्लॅटफॉर्मला बोल लावू नका. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की दोन्हीकडे अक्षरं नीट जुळतात. या एका सेटिंगपायी लोकांनी मशीन बदलायचं ठरवलेलं मी पाहिलंय, म्हणून इतकं सांगते.

फायलींच्या नावांचंही तसंच. विंडोजला नावात प्रश्नचिन्ह, विसर्गासारखे दोन टिंब, तारका, उभी रेघ, अवतरणचिन्ह चालत नाही. मॅकवर प्रश्नचिन्ह बिनतक्रार चालतं. मॅकवरून आलेल्या फोल्डरमधली 'हेच अंतिम?' नावाची फाइल विंडोजवर उघडायलाच तयार नसते, आणि मग पानात लावलेल्या चित्राचा दुवा तुटतो. नावं साधी ठेवा. बाहेरची डिस्क दोन्हीकडे फिरवायची असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा. एनटीएफएसची डिस्क मॅक वाचतो पण तीवर लिहीत नाही, आणि मॅकची एपीएफएस डिस्क विंडोजला वाचताच येत नाही.

रंगांबद्दल एक जुनं म्हणणं अजून कानावर येतं, "विंडोजवर चित्रं काळवंडतात." एके काळी ते खरं होतं. मॅकचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात ते ठरवणारा आकडा) १.८ होता आणि विंडोजचा २.२, त्यामुळे मॅकवर नीट दिसणारं चित्र विंडोजवर गडद दिसायचं. २००९ मध्ये स्नो लेपर्ड या आवृत्तीपासून मॅकनेही २.२ घेतला आणि तो फरक संपला.

एक फरक मात्र अजून उरला आहे, आणि मॅकच्या बाजूने बोलायचं तर मी याच मुद्द्यावर बोलेन. मॅकवर रंगांचं व्यवस्थापन प्रणालीच्या मुळाशी आहे; १९९३ पासून कलरसिंक आहे. पडद्याचं प्रोफाइल (त्याच्या रंगांची नोंद) काय, चित्राचं काय, हे पाहून बहुतेक सगळीकडे रंग जुळवून दाखवला जातो. विंडोजवर फोटोशॉपसारखी सॉफ्टवेअर हे स्वतः करतात, पण बाकीची कितीतरी करत नाहीत. साधा एसआरजीबी, म्हणजे नेहमीच्या रंगपट्ट्याचा, पडदा असेल तर कळतही नाही. रुंद रंगपट्ट्याचा पडदा घेतलात तर मात्र तीच केशरी पट्टी फोटोशॉपमध्ये शांत दिसते आणि चित्रं बघायच्या एखाद्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये डोळ्यांत घुसते. माझ्या एका ग्राहकाने यावरून आख्खं प्रूफ परत पाठवलं होतं. छापलेला रंग बरोबर होता, पडदा भडक होता. विंडोज ११ मध्ये यासाठी स्वयंचलित व्यवस्था आली आहे, पण ती प्रत्येक मशीनवर मिळत नाही. आणि मॅकवर सगळं आपोआप बरोबर होतं असंही समजू नका. कॅलिब्रेट न केलेला, म्हणजे उपकरणाने मोजून रंग जुळवून न घेतलेला, पडदा कुठल्याही मशीनला जोडला तरी चुकीचंच दाखवणार.

म्हणून पैसे कुठे घालायचे हे विचाराल तर आधी पडद्यावर. आयपीएस पॅनेल (कडेने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारं), एसआरजीबी पूर्ण, छपाईचं काम जास्त असेल तर अॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगपट्ट्याचा बहुतांश भाग दाखवणारा. सोबत कॅलिब्रेशनचं छोटं उपकरण, चारपाच मित्रांत मिळून एक घेतलं तरी चालतं. पडद्याचा उजेड उतरवा. "छापून काळं आलं" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचा पडदा निम्म्याहून जास्त वेळा पूर्ण उजेडावर असतो. कागद स्वतः उजळत नाही.

मॅक घेऊन त्याला घरातला जुना पडदा जोडणार असाल तर एवढं बघून घ्या: २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून मॅकने अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची एक जुनी पद्धत काढून टाकली. कमी घनतेच्या, म्हणजे २७ इंची १०८० ओळींसारख्या पडद्यावर त्यामुळे अक्षरं धूसर वाटतात. विंडोज अक्षरं बिंदूंच्या चौकटीत बसवून रेखीव करतं; वाचायला बरं, पण अक्षराचं मूळ वळण थोडं बदलतं. टाइपचं काम करणाऱ्याला हे दोन्ही माहीत हवं.

मशीनच्या आतल्या गोष्टींवर फार वेळ घालवत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या अॅपलच्या स्वतःच्या एम१ चिपपासूनचे मॅक शांत आणि चपळ आहेत, पण त्यांची मेमरी चिपसोबतच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून घेतानाच १६ जीबीच्या खाली जाऊ नका, मोठी चित्रं हाताळत असाल तर ३२. विंडोजच्या डेस्कटॉपमध्ये पुढे भर घालता येते. थ्रीडी करायचं असेल आणि एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागणार असेल तर विंडोजच. पेन थेट पडद्यावर टेकवायचा असेल, तर तसे लॅपटॉप विंडोजवर आहेत. मॅकला वेगळा पेन-पडदा किंवा आयपॅड जोडावा लागतो. लिनक्सवर इंकस्केप, क्रिटा, गिंप, स्क्रायबस आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. एकट्याने काम करून शेवटी पीडीएफ देणाऱ्याचं त्यावर भागू शकतं. पण समोरचा इलस्ट्रेटरची फाइल मागत असेल तर रोज झगडावं लागेल, कारण अॅडोबीची ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघतच नाहीत.

जुनं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी मॅकपासून जरा सावध राहावं. २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीत ३२ बिटची, म्हणजे जुन्या बांधणीची, सगळी सॉफ्टवेअर एका फटक्यात बंद झाली. माझं रोख घेतलेलं, वर्गणी नसलेलं एक सॉफ्टवेअर त्यात गेलं. विंडोज जुन्याला जास्त काळ सांभाळतं. तरी तिथेही विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा जुनं मशीन विकत घेताना ते विंडोज ११ घेतं का ते आधी बघा.

आता त्या वडिलांचं उत्तर. मुलगी जिथे शिकणार आहे तिथे काय वापरतात ते विचारा आणि तेच घ्या. पहिल्या वर्षात ती शेजारच्या मुलीकडून जे शिकेल ते एकट्याने शिकायला तिला दुप्पट वेळ लागेल, आणि शेजारचीचे शॉर्टकट तिच्या कळफलकावर चालायला हवेत. मॅकवर कमांड अंगठ्याखाली असते, विंडोजवर कंट्रोल करंगळीखाली. हात एकदा बसला की सुटत नाही. तिथे दोन्ही असतील तर तिला ज्याची सवय आहे ते घ्या आणि उरलेल्या पैशांत पडदा घ्या.

आणि ज्यांच्याकडे मशीन आहेच, फक्त "बदलू का?" एवढंच विचारायचंय, त्यांनी आधी एक करून बघा. तुमच्या कामातली सगळ्यांत जड फाइल उघडा, सोबत नेहमीची बाकीची सॉफ्टवेअर आणि ब्राउझरही उघडा, आणि तासभर खरं काम करा. मॅकवर अॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये मेमरीचा आलेख बघा, विंडोजवर टास्क मॅनेजरमध्ये. मॅकचा आलेख हिरवा राहिला, किंवा विंडोजची मेमरी ८० टक्क्यांच्या आतच खेळत राहिली, तर तेच मशीन आणखी दोन वर्षं वापरा. मॅकचा आलेख पिवळ्यात किंवा लालमध्ये जात असेल, किंवा विंडोजची मेमरी ८० टक्क्यांच्या वर जात असेल, तर आकडे लिहून घ्या आणि मग मला विचारा. त्या आकड्यांवरून मला नेमकं सांगता येईल.