तेरा वर्षांचा निवेदक

गेले दोन महिने मी कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांखेरीज फारसे काही वाचलेले नाही. त्यामागे निव्वळ स्वार्थ आहे: माझ्या नव्या कादंबरीचा निवेदक तेरा वर्षांचा असून दर दोन-चार पानांनी तो नकळत माझ्या वयाचा होऊन बोलू लागतो.

कॅथरीन पॅटरसन यांची 'ब्रिज टू टेराबिथिया' (१९७७) या खेपेस दुसऱ्यांदा वाचली. दहा वर्षांच्या जेसची जिवलग मैत्रीण लेस्ली ओढ्यावरची दोरी तुटून दगावते. (हे आधी कळल्याने कादंबरीचे काही बिघडते, असे मला वाटत नाही.) त्यानंतर घरातले सगळे त्याच्याकडे पाहत असताना जेस पॅनकेक खातो, आणि त्याच्या मनात येते की, आपल्या वयाच्या कोणाचीच अशी जिवलग मैत्रीण गेलेली नाही, तेव्हा आपण आता महत्त्वाचे झालो आहोत आणि सोमवारी शाळेत मुले आपल्याशी जरा अदबीने वागतील. मी तिथे पुस्तक मिटले. मी लिहीत असतो तर त्याला रडवले असते किंवा, त्याहून वाईट, ओढ्याकाठी बसवून मृत्यूविषयी चिंतन करायला लावले असते. पॅटरसन यांच्या मुलाची मैत्रीण वीज पडून गेली होती आणि त्या दुःखातूनच ही कादंबरी आली. तरीही शोक कसा करावा, हे जेसला शिकवण्याचा मोह त्यांनी आवरला आहे.

एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' (१९६७) लिहायला घेतली तेव्हा त्या स्वतःच शाळेत होत्या, त्यामुळे त्यांना माझी अडचण आलीच नसावी. चौदा वर्षांचा पोनीबॉय अखेरीस शाळेसाठी निबंध लिहायला बसतो, आणि त्याचे पहिले वाक्य म्हणजेच कादंबरीचे पहिले वाक्य. घडणे आणि सांगणे यांत वर्षांचे अंतरच नसल्यामुळे शहाणपणाला आत शिरायला फट उरत नाही. सूर्यास्ताची भावुकता मला थोडी जास्त वाटली, पण ती पोनीबॉयला शोभते.

मग मी माझ्या मसुद्यात 'तेव्हा मला कुठे ठाऊक होते' हे शब्द शोधले. ते अकरा ठिकाणी सापडले. दहा ठिकाणचे विनासायास खोडता आले. अकरावे आजोबांच्या निधनाच्या प्रकरणात आहेत आणि ते काढले की परिच्छेदच कोसळतो. त्या दिवशी त्या मुलाने काय खाल्ले असेल, याचा विचार मी सध्या करतो आहे.