आवाज बंद ठेवून पाहिलेले हॉरर

मागच्या गुरुवारचं एक सेशन डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहायला बसलो. मी अंधेरीत डबिंग रेकॉर्डिस्ट आहे, १४ वर्षं झाली. लोकांना वाटतं डबिंग म्हणजे पडद्यावरचे ओठ बघून बोलायचं. ओठ महिन्याभरात जमतात हो, श्वास जुळवणं अवघड, आणि अंतर. शूटला तो माणूस धावत जिना चढून आलाय आणि इथे एसीत उभा राहून बोलतोय, हे ऐकणाऱ्याच्या कानाला लगेच खटकतं, काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही एवढंच.

तर मराठी हॉरर फिल्म. हिरो २१ वर्षांचा पोरगा, दुसरीच फिल्म. कोकणात भर जुलैमध्ये शूट, जुनं घर, वर पत्रे. लोकेशनच्या साउंडवाल्याने तेव्हाच सांगितलं असणार की या पावसात ट्रॅक वापरता येणार नाही, आणि त्याला नेहमीचं उत्तर मिळालं असणार, डबिंगमध्ये बघू. या 'डबिंगमध्ये बघू'ने किती चांगली कामं मारली याचा हिशोब कोणी ठेवत नाही. पोरगा तिथे रात्री दोन वाजता ओल्या कपड्यात कुडकुडत काहीतरी खरं करून गेलेला असतो, आणि चार महिन्यांनी सकाळी दहाला त्याला म्हणायचं, तेच परत दे, फक्त स्वच्छ दे.

त्यात त्या दिवशी किंचाळी पहिली लावलेली. किंचाळी कायम शिफ्टच्या शेवटी घ्यायची असते, चार तासांच्या शिफ्टमध्ये तीन तास डायलॉग, मग कोमट पाणी, मग किंचाळी, कारण दोन-तीन जोरात टेक झाले की घसा जातो आणि पुढचे साधे डायलॉगही घोगरे येतात. पण दिग्दर्शकाला दुपारची फ्लाइट होती आणि त्याला किंचाळी स्वतःसमोर हवी होती. असिस्टंटला मी सांगितलं, तो म्हणाला सर ऐकणार नाहीत. ठीक.

मी दोन माइक लावले. एक यू ८७, मोठ्या आवाजाला फाटू नये म्हणून १० डीबीचा पॅड टाकून, चार फुटांवर, तोंडाच्या जरा बाजूला वळवून. दुसरा ४१६, म्हणजे समोरचाच आवाज धरणारा लांबट शॉटगन माइक, खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात, कारण शूटला बूमवर, म्हणजे लांब काठीवर, शॉटगनच होता आणि नंतर मिक्सला तो लांबचा आवाज जवळच्याखाली थोडा टाकला की किंचाळी माणसाच्या तोंडातून न येता खोलीतून आल्यासारखी वाटते. याच्यावर मी खूप मेहनत घेतलीय इतक्या वर्षांत. लायब्ररीतल्या रेडिमेड किंचाळ्या वापरणाऱ्यांबद्दल मला आदर नाही.

लेव्हल घेताना मी कोणाला वन टू थ्री म्हणायला लावत नाही, आकडे मोजताना कोणाचाच खरा आवाज येत नाही. आवडीचं काहीतरी विचारतो. त्याला विचारलं, हॉरर बघतोस का, आवडता कुठला? आणि पोरगा खुलला. 'साइको'मधली ती शॉवरची बाई, दादा, ती पडताना पडदा धरते ना, तर त्याच्या कड्या एक-एक करून सुटतात, एकदम नाही सुटत. 'एक्झॉर्सिस्ट'मधल्या मुलीचे डोळे. 'तुंबाड' तर त्याला पाठच, कारण त्यातल्या पांडुरंगचं काम करणाऱ्या मोहम्मद समदनेच ती म्हातारी आजीसुद्धा केलीय, मेकअपखाली तोच पोरगा आहे, आणि हे कळल्यावर त्याने ठरवलं की ॲक्टरच व्हायचं. मग 'अ क्वाएट प्लेस'. दहा मिनिटं बोलला, मी गेन लावायचा विसरून ऐकत बसलो.

पण एक गोष्ट टोचत राहिली. हॉररबद्दल बोलताना माणूस आवाज काढतोच. दार कर्रर्र झालं, मागून खस्स झालं, निदान हाताने टेबल तरी वाजवतो. याने एकही आवाज काढला नाही. सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. मी सहज म्हटलं, 'एक्झॉर्सिस्ट'मधल्या सैतानाचा आवाज त्या मुलीचा नाही, मर्सिडीज मॅककेम्ब्रिज नावाच्या बाईंचा आहे, रेडिओवर गाजलेल्या, त्यांनी त्या आवाजासाठी कच्ची अंडी खाल्ली, सिगारेटी ओढल्या, व्हिस्की प्यायल्या, आणि १९७३ला फिल्म लागली तेव्हा टायटल्समध्ये नाव नव्हतं, त्यासाठी भांडावं लागलं. आमच्या धंद्यात ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. तो म्हणाला, आवाज मी ऐकलाच नाहीये दादा.

मग सांगितलं. डोंबिवलीत वन रूम किचन, वडिलांची कायम नाइट. ते दिवसा झोपायचे त्याच खोलीत टीव्ही. हा दुपारी शाळेतून आला की पेन ड्राइव्ह लावायचा आणि आवाज शून्यावर. घाबरला तरी ओरडायचं नाही, बाबा उठतील. सातवी ते बारावी असंच. 'अ क्वाएट प्लेस'बद्दल तो जे बोलला ते मी विसरणार नाही. म्हणाला, लोक म्हणतात त्यात आवाज नाही म्हणून तो वेगळा आहे, मला तो इतरांसारखाच वाटला, माझे सगळेच पिक्चर तसे होते.

टेक सुरू केले. सीन असा की तो माडीवर जातो आणि विहिरीत बुडून गेलेला मोठा भाऊ समोर उभा असतो. तीन बीप, चौथ्याला किंचाळायचं. पहिल्या टेकला वेळ चुकली. दुसरा खोटा. पाचव्यापर्यंत आवाज मोठा होत गेला आणि भीती कमी. दिग्दर्शक टॉकबॅकवरून 'अजून, अजून' करतोय, जसं काही ते व्हॉल्यूमचं बटण आहे. मी मध्येच म्हटलं दोन मिनिटं द्या, आणि पायलट ट्रॅक, म्हणजे शूटला रेकॉर्ड झालेला मूळ आवाज, एकटा लावला. बूमवर नुसता पाऊस. लॅपल, म्हणजे त्याच्या कपड्याला लावलेला छोटा माइक, ऐकला, खालचं कापलं, वर ओढला, पुन्हा ऐकला. किंचाळी नव्हतीच. तोंड पूर्ण उघडं, मानेच्या शिरा ताणलेल्या, आणि आवाज काय, तर आत ओढलेला एक श्वास आणि घशात खट् असा बारीक अडकल्याचा आवाज. शूटला पत्र्यांच्या आवाजात कोणाला कळलंच नाही की पोरगा ओरडलाच नाही.

माझ्या अंगावर काटा आला. काचेपलीकडे त्याच्याकडे बघितलं तर तो खाली बघत होता, त्याला माहीत होतं.

मी दिग्दर्शकाला म्हटलं सर, हे ऐका, हेच ठेवूया. त्यांनी ऐकलं, एकदाच. म्हणाले हॉररमध्ये किंचाळी नाही म्हणजे लोकांना वाटेल साउंड गेला. आता खरं सांगायचं तर मला तिथे ठाम उत्तर देता आलं नाही. 'साइको'च्या दिग्दर्शकाला, हिचकॉकलासुद्धा शॉवरच्या सीनला म्युझिक नको होतं, संगीतकार बर्नार्ड हरमनने तरी व्हायोलिनचं ते लिहिलं, हिचकॉकने ऐकलं आणि मत बदललं. शांतता हवी म्हणणारा तिथे चुकला होता. मग मी इथे बरोबर कशावरून?

शेवटी पोराला मागच्या दाराशी नेऊन उभं केलं, जागच्या जागी धावायला लावलं आणि तिथूनच ओरडायला सांगितलं. १९४९च्या 'महल'च्या गाण्यासाठी लताबाई लांबून चालत माइककडे आल्या होत्या, आपल्याकडचं हे जुनं आणि सगळ्यात चांगलं तंत्र आहे, अंतर खरं असलं की बाकीचं निम्मं काम होतं. बाराव्या टेकला आली. स्वच्छ, कुठेही न फाटता, पडद्यावरच्या तोंडाशी तंतोतंत. दिग्दर्शक ओके म्हणाले, निघाले. काम म्हणून ती उत्तम किंचाळी आहे, मी स्वतः घेतलीय. मला ती ऐकावीशी वाटत नाही.

तेव्हा घसा गेलेलाच होता त्याचा, डायलॉग दुसऱ्या दिवशीवर ढकलले. जेवायच्या सुट्टीत त्याने विचारलं, दादा, इथे एकदा 'साइको' आवाजासकट दाखवाल? मोठ्या मॉनिटरवर लावला, फक्त शॉवरचा सीन. खरबुजात सुरी खुपसून केलेले ते वार, पाणी, व्हायोलिन्स. तो हलला नाही. संपल्यावर म्हणाला, मला इतकी वर्षं वाटायचं ती तिथे एकटी आहे. पुन्हा लावा म्हणाला नाही. जाताना एवढंच सांगितलं की २०२४ला 'तुंबाड' परत लागला तेव्हा थिएटरला गेला होता, आजी बोलायला लागली आणि त्याला ती ओळखीची वाटेना.

मिक्स मंगळवारी आहे. मी दोन्ही पाठवलेत. ओके टेक त्यांच्या नावाने, आणि लॅपलचा तो श्वास साफ करून, पावसाचा जितका काढता आला तितका काढून, वेगळ्या ट्रॅकवर. रात्री अकरापर्यंत बसलो होतो त्यावर. मिक्सिंग इंजिनियरला फोन केला की आधी वरचा ट्रॅक ऐका, मग खालचा. श्वास वर ठेवलाय.