तळ्याकाठची माणसं

कोल्हापूरहून रात्रीची एसटी धरली आणि पहाटे स्वारगेटला उतरले. स्टँडवर चहा घेतला, रिक्षा केली. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात पोचले, तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली होती. आठ-दहा जणांचा आमचा गट, शिकवायला सर. दिवसाचा विषय एकच : जलरंगात माणसं.

तळी मी पुष्कळ रंगवली आहेत. रंकाळा किती वेळा रंगवला, त्याची तर मोजदादच नाही. आमच्या गावात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तलावाची चित्रं काढली. ती लहानपणापासून मनात आहेत. पण माझ्या तळ्याकाठी कधी कुणी उभं राहिलं नाही. माणूस आला की चित्र बिघडायचं, म्हणून मी त्याला टाळत आले होते.

हे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. ती मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदारानं १६८७ साली करायला घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. ही बाग चालत चालत बघायची. वाट वळली की पाणी दिसतं, पुन्हा झाडाआड जातं. माणसंही तशीच : आता झुडपामागे, घटकेत पुलावर. आमच्यासाठी यासारखी जागा नाही.

पहिल्या चित्रात माझी पलीकडच्या काठावरची माणसं हवेत तरंगत होती. सगळ्यांची डोकी एका रेषेत ठेवायची, हा नियम मी पाठ केला होता. सर शेजारी उकिडवे बसले. म्हणाले, "तुम्ही उभ्या आहात का? स्टुलावर बसलाय. तुमची नजर समोरच्याच्या कमरेला लागते. मग सपाट जमिनीवर जवळचा असो की लांबचा, उभ्या माणसाची कंबरच त्या रेषेवर येणार." मान वर करून पाहिलं. खरंच, दहा पावलांवरचे माळीमामा आणि पार पलीकडचे काका, दोघांच्या कमरा एका ओळीत! इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली गोष्ट, आणि आज दिसली. पुलावरची माणसं तेवढी वेगळी, कारण तिथे जमीनच उंच होते.

मग पाणी. काठाला टेकून उभा असलेला माणूस पाण्यात पायांपासून उलटा दिसतो. काठापासून मागे सरकला, की आधी त्याच्या पायांचं प्रतिबिंब जातं. काठच ते झाकतो. पांढरा सदरा पाण्यात थोडा काळवंडतो, काळी छत्री थोडी फिकी होते. हे कळल्यावर माझी माणसं कागदावर चिकटवल्यासारखी दिसेनाशी झाली. सावली आणि पाय एकाच ओल्या फटकाऱ्यात मिसळू द्यायचे, खांद्यावरच्या उन्हासाठी कागद कोरा सोडायचा. चेहरा काढायचाच नाही. आधी बघायचं ते वजन कुठल्या पायावर आहे. माणूस एका पायावर भार देऊन उभा राहिला, की डोकं बरोबर त्या पायाच्या वर येतं.

दुसऱ्या चित्रासाठी पुलावर एक आजी मिळाल्या. नातू मासे बघत होता, त्या कठड्याला हात लावून उभ्या. पिवळ्या गेरूत जरा काव मिसळून हात, मग निळ्या लुगड्याचा एकच फटकारा, आणि तो ओला असतानाच पाण्यातलं उलटं निळं. पाच मिनिटांत झालं. हात थरथरत होता, पण थांबले नाही.

नातवाला घेऊन त्या परतताना आमच्याजवळ थबकल्या. चित्राकडे वाकून बघितलं.

"ही मी का गं?"

"हो आजी. चेहरा नाही काढला."

"नसू दे. मीच आहे. उजवा गुडघा दुखतो ना, म्हणून सगळा भार डाव्यावर."