रात्री तुटलेले बोल्ट

"मॅडम, काल संध्याकाळी बोल्ट आवळले आणि सकाळी डोकी जमिनीवर!" फॅब्रिकेशनवाले काका लॅबमध्ये शिरले ते हे बोलतच, आणि हातातली पिशवी त्यांनी टेबलावर उपडी केली. एम-१२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचे, अ‍ॅलन बोल्ट, ग्रेड १२.९ (हा आकडा मजबुतीचा, जितका मोठा तितकं पोलाद कडक), वर झिंक प्लेटिंग, म्हणजे जस्ताचा मुलामा. चार तुटलेले, बाकीचे कोरे.

भोसरीतल्या आमच्या टेस्टिंग लॅबमध्ये तुटकं सामान रोजच येतं. यूटीएमवर, म्हणजे ताणून तोडायच्या मशीनवर, ओढलं की बहुतेक भांडणं पाच मिनिटांत मिटतात. पाच कोरे बोल्ट घेतले, डोक्याखाली तिरका वॉशर घातला आणि ओढले. या मापाच्या बोल्टने किमान १०३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेदहा टन भार घ्यायला हवा. पाचही १०५ च्या वर गेले, तुटले तेही आट्यांत. डोकं एकाचंही उडालं नाही. रिपोर्ट पास.

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे आमच्या पोरांनीच जास्त आवळले?"

खोटं कशाला बोलू, तसंच लिहून मोकळं व्हावं असं मलाही वाटलं होतं. पण तुटकी डोकी भिंगाखाली धरली आणि हात थांबला. जास्त ताण पडला की पोलाद आधी थोडं लांबतं, एका जागी त्याची कंबर बारीक होते आणि मग ते तुटतं. आमचे यूटीएमवरचे पाचही तसेच तुटले होते. हे चार मात्र डोक्याखालच्या गोलाईतच, सपाट. कंबर नाही, लांबी वाढलेली नाही, आणि तुटलेलं तोंड खडीसाखरेसारखं दाणेदार, चमचमणारं.

"आधी कोणते वापरायचात?"

"८.८ चे, झिंकचेच. कधी त्रास नाही. गिऱ्हाइकाने जास्त मजबूत मागितले म्हणून १२.९ आणले. पण ते येतात काळे, पावसाळ्यात गंज धरतात. म्हणून नेहमीच्याच प्लेटिंगवाल्याकडे टाकले."

इथे ट्यूब पेटली. प्लेटिंगआधी बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात, मग टाकीत करंट देतात. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा पोलादात मुरतो. ८.८ चं मऊ पोलाद तो पचवतं. १२.९ सारख्या कडक पोलादात मात्र बोल्ट ताणून ठेवला की हा हायड्रोजन हळूहळू सरकत सर्वांत जास्त ताणाच्या जागी जमतो आणि दाण्यांमधली पकड सैल करतो. त्याला वेळ लागतो, काही तास, कधी दिवस. यूटीएमवर आम्ही बोल्ट दोन मिनिटांत ओढून मोकळे होतो. त्याला सरकायला सवडच मिळत नाही!

मग कडक केलेल्या जाड प्लेटमध्ये पाच बोल्ट टॉर्क रेंचने आवळले आणि ४८ तास तसेच ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच वॉचमनमामा म्हणाले, "मॅडम, रात्री आत काहीतरी टक्कन वाजलं. मांजर असेल म्हणून बॅटरी मारली, काय दिसलं नाही." आत जाऊन पाहते तो एक डोकं प्लेटपासून चांगलं चार फुटांवर, कपाटाखाली. ४८ तास भरेपर्यंत तीन गेले.

प्लेटिंगवाल्याला फोन लावला. असे कडक बोल्ट प्लेटिंग झाल्यावर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर भट्टीत ठेवायला हवेत, हायड्रोजन निघून जायला. तो म्हणाला, "बेकिंग? चलनावर लिहिलंच नव्हतं." त्याचंही खरं होतं. चलनावर नुसतं 'झिंक, ८ मायक्रॉन' होतं, ग्रेडचा पत्ता नाही.

"आता भाजून घेतले तर?" काकांनी विचारलं. नाही म्हटलं. आत बारीक तडा गेला असेल तर भट्टी तो बुजवत नाही. सगळा लॉट भंगारात आणि बसवलेले बोल्ट आजच काढा. काळेच वापरा, गंजाला तेलाचं फडकं मारा.

रात्री नऊला त्यांचा फोन आला. बाविसावा बोल्ट सोडवायला पोराने अ‍ॅलन की नुसती लावली, तर डोकं कीसकट हातात आलं.