टोमर कुठं प्लिमत होता?

'अ टोमर वॉज प्लिमिंग इन द गार्व. ही सॉ टू फेंडल्स निअर द ओल्ड क्रिब्बा. द फेंडल्स वर व्हेरी ड्रोनिश बिकॉज दे हॅड नॉट ग्लबल्ड फॉर थ्री मॉल्स.'

दिवाळीची सुट्टी संपल्यावर हा उतारा मी अकरावी कला शाखेच्या वर्गाला सोडवायला दिला. पुढं आणखी चार-पाच वाक्यं अशीच होती. टोमर, गार्व, क्रिब्बा हे शब्द कुठल्याच शब्दकोशात सापडायचे नाहीत, कारण ते मी रचलेले होते. वाक्याची चौकट तेवढी इंग्रजी. खाली बोर्डाच्या कृतिपत्रिकेत असतात तशाच कृती दिल्या: चूक की बरोबर, वाक्य पूर्ण करा, कारण द्या, विशेषण शोधा, काळ बदला आणि शेवटी स्वतःचं मत लिहा.

ही युक्ती जुनी आहे. वाचनाचे अभ्यासक आणि शिक्षकांना शिकवणारी माणसं ती पूर्वीपासून वापरतात. मला ती वर्गातच करून बघायची होती, कारण एक गोष्ट बरेच दिवस खटकत होती. चाचणीत उताऱ्याला जवळजवळ पूर्ण गुण मिळवणाऱ्या मुलांना त्या उताऱ्यात काय घडलं हे मराठीत विचारलं, तर सांगता येत नव्हतं. अगदी ढोबळमानानंही नाही.

आमचं कॉलेज बीड जिल्ह्यात, डोंगरपट्ट्यात. दिवाळीनंतर इथली गावं अर्धी रिकामी होतात. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि मुलं आजीआजोबांजवळ राहतात. स्वयंपाक, धाकट्या भावंडांचं दुखणंखुपणं, रेशन, बँकेतलं काम हे सगळं सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींवर येतं. माझ्या वर्गात बसलेली मुलं ही अशी आहेत.

उतारा हातात पडल्यावर प्रश्न आले, पण ते असे: "मॅडम, हे पुस्तकातलं हाय का बाहेरचं?" "मत किती ओळीत लिहायचं?" टोमर म्हणजे काय, हे कुणीही विचारलं नाही.

मी पेपर तिथंच, त्याच तासाला तपासले. टोमर कुठं प्लिमत होता? 'इन द गार्व.' पूर्ण वाक्यात, खाली रेघ मारून. फेंडल्स ड्रोनिश का होते? 'बिकॉज दे हॅड नॉट ग्लबल्ड फॉर थ्री मॉल्स.' विशेषण 'ड्रोनिश', हे जवळपास सगळ्यांना सापडलं. वर्तमानकाळ करताना 'इज प्लिमिंग' असं बिनचूक लिहिलं होतं. आणि शेवटच्या कृतीत, तुम्ही फेंडल्सना कशी मदत कराल, याचं उत्तर कितीतरी मुलांनी एकाच धर्तीवर लिहिलं होतं: 'आय विल हेल्प द फेंडल्स. हेल्पिंग अदर्स इज अ गुड हॅबिट.' बोर्डाच्या पद्धतीनं तपासलं असतं, तर वर्ग पहिल्या श्रेणीत आला असता.

कोरे पेपर मोजकेच होते. त्यातले बहुतेक क्वचित वर्गात येणाऱ्या मुलांचे. एक मात्र रोज येणाऱ्या, शेवटच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलीचा. इंग्रजीत ती दरवेळी पासनापासच्या काठावर असते. तिला विचारलं, काहीच का लिहिलं नाहीस? ती उभी राहिली, म्हणाली, "मॅडम, मी सारखं वाचून बघितलं. मला काहीच समजना. टोमर म्हंजे माणूस हाय का जनावर, हेच कळंना. मग मदत काय करायची?"

मी वर्गाला खरं काय ते सांगितलं. हे शब्द नाहीतच. या उताऱ्याला अर्थ नाही. आणि ते फक्त हिच्या लक्षात आलं. थोडी खळबळ झाली. मग पुढच्या बाकावरचा एक हुशार मुलगा जरा दुखावून म्हणाला, "पण मॅडम, आमची उत्तरं तर बरोबर हायत की."

त्याचं म्हणणं खरं होतं. उत्तरं बरोबरच होती.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे अकरावीत येणाऱ्या मुलानं दहा वर्षं इंग्रजीचे तास केलेले असतात. या दहा वर्षांत त्यानं एक कसब पक्कं कमावलेलं असतं: प्रश्नातला शब्द धरायचा, उताऱ्यात तो कुठं आहे ते शोधायचं आणि ते वाक्य उतरवायचं. क्लासमध्ये हे शिकवलं जातं, गाईडमध्ये तेच असतं, आणि 'उतारा म्हणजे हातचे गुण' हे वाक्य प्रत्येक स्टाफरूममध्ये ऐकू येतं. याला आळस म्हणता येणार नाही. मुलं मेहनतीनं शिकलेली असतात आणि जे शिकलेली असतात ते परीक्षेत चालतं. त्यात नुकसान होतं ते उतारा समजून घ्यायला बसणाऱ्या मुलीचं. ती एकेका शब्दाशी अडते, वेळ संपतो, आणि गुणपत्रिकेवर ती 'कच्ची' ठरते.

वाचनावरच्या संशोधनात असं दिसून आलंय की कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायचा, तर त्यातले साधारण 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. अकरावीच्या पाठ्यपुस्तकातलं पान काढून अनोळखी शब्दांखाली रेघा मारायला सांगा. माझ्या वर्गात पान रेघांनी भरून जातं. अशा पानावर अर्थापर्यंत पोचायचा रस्ताच बंद असतो, म्हणून मुलं दुसरा रस्ता काढतात.

पुढचा तास ऑफ होता. तो मी मागून घेतला, कारण वर्गाला 'तुम्हाला काही कळत नाही' एवढंच सांगून घरी पाठवणं मला मान्य नव्हतं. पिशवीत गावातल्या आशाताईंकडून, म्हणजे आरोग्यसेविकेकडून, मागून आणलेली ओआरएसची पाकिटं होती; जुलाब झाले की पाण्यात घालून द्यायची मीठ-साखरेची पावडर. इथं प्रत्येक घरात ती येतात. पाच-पाच जणांचे गट केले, प्रत्येक गटाला एक पाकीट दिलं आणि सांगितलं, फक्त इंग्रजी मजकूर वाचायचा. त्यात मुख्य वाक्यं दोनच: पाकिटातली सगळी पावडर एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा, केलेलं पाणी 24 तासांच्या आत वापरा.

आधी नेहमीचा प्रश्न विचारला. किती पाण्यात? सगळ्या वर्गातून एका सुरात आलं, 'वन लिटर.' मग मी असे प्रश्न फळ्यावर लिहिले, ज्यांचं उत्तर पाकिटावर उतरवून घेण्यासारखं नव्हतं. घरात अर्ध्या लिटरचीच बाटली आहे, कसं कराल? काल सकाळी आठ वाजता केलेलं पाणी आज दुपारी उरलंय, बाळाला द्याल का? दुकानात 200 मिलीचं छोटं पाकीट मिळतं. एक लिटर करायला किती लागतील? आणि आजी म्हणते, एका पेल्यात अख्खं पाकीट टाक, म्हणजे लवकर गुण येईल. तिला काय सांगाल?

इथं वर्ग बदलला. दक्षिण भारतातल्या शाळांत इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात जे केलं, ते मी वाचलेलं होतं. त्याला बंगळूर प्रकल्प म्हणतात. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांना रेल्वेची वेळापत्रकं, नकाशे असलं काहीतरी दिलं आणि डोकं चालवल्याशिवाय सुटणार नाहीत असे प्रश्न विचारले. मुलाचं लक्ष अर्थात गुंतलं की भाषा त्याच्या मागोमाग येते, असा त्यांचा विचार. कागदावर तो मला नेहमीच पटायचा. त्या दिवशी तो मी आवाजात ऐकला. मुलं भांडत होती! पाकिटावरचा 'एन्टायर' म्हणजे सगळं की थोडं, यावर दोन गटांत वाद पेटला आणि कुणीतरी लायब्ररीतून शब्दकोश पळवून आणला. मी काही सांगितलं नव्हतं.

शेवटच्या बाकावरची ती मुलगी बोलायला उठली, तेव्हा कागद बघत नव्हती. "वन बॉटल हाफ लिटर. सो टू टाइम वॉटर. इन बिग पॉट. देन फुल पॅकेट." मग आजीच्या प्रश्नावर म्हणाली, "नो आजी. लेस वॉटर, टू मच सॉल्ट. बेबी मोअर सिक." व्याकरणाच्या चुका काढायच्या, तर प्रत्येक वाक्यात सापडतील. मी एकही काढली नाही. मीठ जास्त झालं की अंगातलं पाणी उलट बाहेर ओढलं जातं, हे तिला माहीत होतं, आणि ते तिनं इंग्रजीत, कुणाचीही ओळ न उचलता सांगितलं. धाकट्या भावाला मागच्या वर्षी जुलाब झाले तेव्हा घरात तीच होती, हे तिनं नंतर सांगितलं.

माझ्याकडे एक रिकामा टेट्रापॅकही होता. त्यावर मोठ्या अक्षरांत ओआरएस, आणि खाली बारीक अक्षरांत असं वाक्य की हे उत्पादन डब्ल्यूएचओनं (जागतिक आरोग्य संघटनेनं) सुचवलेलं ओआरएस नाही. असल्या गोड पेयांत खऱ्या ओआरएसच्या कितीतरी पट साखर असते. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2025च्या ऑक्टोबरमध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली, त्याआधी तेवढ्या बारीक खुलाशावर ती विकता येत होती. मुलांनी ते वाक्य वाचलं. बहुतेकांनी त्यात डब्ल्यूएचओ आणि ओआरएस हे दोन शब्द बघितले आणि 'चांगलं असतं' असा निकाल दिला. मधला 'नॉट' पुढच्या बाकावरच्या त्या हुशार मुलानं पकडला. मला त्याचं फार बरं वाटलं. एका तासापूर्वी तो दुखावला होता, आणि आता प्रत्येक गटाकडे जाऊन तो शब्द बोट ठेवून दाखवत होता.

स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "मॅडम, छान आहे, पण बोर्डाला हे लागत नाही. निकाल लागला पाहिजे." त्यांची काळजी खोटी नाही. आमच्यासारख्या कॉलेजचं सगळं निकालावर चालतं. पण 100 पैकी 80 गुण बोर्डाच्या लेखी परीक्षेचे आहेत. उरलेले तोंडी परीक्षेचे 20 आमच्याच हातात असतात. तिथं आम्ही काय विचारतो? बऱ्याच ठिकाणी मुलगा 'माय सेल्फ' पाठ म्हणतो आणि एका दुपारीत सगळा वर्ग उरकतो. 2019 साली दहावीला भाषांचे हे अंतर्गत गुण काढून घेतले, तेव्हा राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर आला. लगेच पुढच्या वर्षी ते परत दिले आणि निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. या चढउताराला इतरही कारणं असतील. तरी ते 20 गुण आपण बहुतांशी निकाल वर उचलायला वापरतो, हे प्रत्येक इंग्रजीचा शिक्षक जाणतो. माझं म्हणणं एवढंच की मुलाला समजलं का, हे तपासायची सगळ्या परीक्षेत तीच एक जागा आपल्या ताब्यात आहे. ती फुकट घालवू नये.

सरांना ते पटलं असं मी म्हणणार नाही. पण तोंडी परीक्षेसाठी त्यांनी माझ्याबरोबर बसायचं कबूल केलं. सध्या आम्ही दोघं कागद गोळा करतोय: एसटीचं वेळापत्रक, औषधाच्या पट्ट्या, बियाण्याची पिशवी, विजेचं बिल, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या सूचना. प्रत्येक कागदावर असे दोन-तीन प्रश्न, ज्यांचं उत्तर त्यात छापलेलं नाही पण वाचल्याशिवाय देता येणार नाही. आधी मुलानं मराठीत बोललं तरी चालेल, मग त्यानं जमेल तसं इंग्रजीत सांगायचं, असं ठरलंय. गुण कसे द्यायचे यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही. त्यांना शुद्ध वाक्याला निम्मे गुण हवेत. मला 'टू टाइम वॉटर, इन बिग पॉट' याला पूर्ण द्यायचे आहेत.